जेड फॉक्सची बाजू

2024च्या जुलैमध्ये चेंग पेइ-पेइ गेल्या. बातमी मला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, डबा खाताना, फोनवर दिसली. बहुतेक मथळे एकाच धर्तीचे होते: 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मधली जेड फॉक्स काळाच्या पडद्याआड. समोर बसलेल्या सहकाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे ते बांबूवर उडतात तोच ना पिक्चर?"

तोच. त्या रात्री मी तो नऊ वर्षांनी पुन्हा लावला.

पहिल्यांदा बघितला तो 2015 साली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलच्या खोलीत. आठजणी, दोन कॉट आणि एक लॅपटॉप. सुरुवातीची पंधराएक मिनिटं सिनेमात कुणी कुणावर हातही उचलत नाही. ली मू बाय नावाचा नामांकित योद्धा आपली 'ग्रीन डेस्टिनी' ही तलवार सोडून द्यायचं ठरवतो आणि ती पेकिंगला एका वडीलधाऱ्या स्नेह्याकडे पोचवायला यू शू लिएनच्या हवाली करतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, ते दोघांनाही ठाऊक आहे, आणि बोलत कुणीच नाही. एव्हाना खोलीतल्या दोघीजणी पेंगायला लागल्या होत्या. मग तलवार चोरीला जाते, तान दुनचे ढोल वाजायला लागतात, आणि बुरखाधारी चोर भिंतीवरून सरळ चालत छपरावर जातो. खोलीत हशा पिकला. मेकॅनिकलवाल्या एकीने प्रोजेक्टाइल मोशनचा हिशेब मांडायला घेतला. इतक्या उंच उडीसाठी सुरुवातीचा वेग किती लागेल, गुडघ्यांवर किती बल येईल, वगैरे.

मी हसले नाही. मला त्या उड्या खोट्या वाटल्या नाहीत. कारण दहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत मी रोज संध्याकाळी दीड तास दोरीवर होते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. तिथल्या व्यायामशाळेत बाई मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायच्या. ज्यांनी तो बघितला नसेल त्यांच्यासाठी: छताच्या तुळईला एक सुती दोर सोडलेला असतो. गाठ मारायची नाही. दोर नुसता पायाच्या बोटांत, मांडीत, काखेत, पाठीवर फिरवून असा अडकवायचा की दोन्ही हात सोडले तरी माणूस वर राहावा. आणि वर राहिल्यावर चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. दोर मांडीला काचत असतो, घाम डोळ्यांत जात असतो, पण खालून बघणाऱ्याला मुलगी हवेत पद्मासन घालून निवांत बसलीय असंच वाटलं पाहिजे. बाई म्हणायच्या, "कष्ट दिसले की मार्क गेले."

हे माहीत असलेल्या माणसाला हा सिनेमा वेगळा दिसतो. चिनी वूश्या कथांमध्ये, म्हणजे तलवारबाज वीरांच्या कथांमध्ये, उडणं ही जादू नसते. त्याला छिंगगोंग म्हणतात, हलकं होण्याची विद्या. वर्षानुवर्षांच्या साधनेने शरीर आणि श्वास असे ताब्यात येतात की जमिनीची ओढ कमी होते, अशी ती कल्पना. पडद्यावर ती साकारते दोऱ्यांनीच. नट पट्ट्यांमध्ये अडकवलेले असतात, तारा ओढणारी माणसं चौकटीबाहेर असतात, आणि तारा नंतर संगणकावर पुसल्या जातात. ही सगळी रचना युएन वू-पिंग यांची. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी 'द मेट्रिक्स'मधल्या मारामाऱ्या बसवल्या होत्या. पण तारेने माणूस नुसता वर जातो. वर गेल्यावर पाठीचा कणा कसा ठेवायचा, पायाची बोटं कुठे वळवायची, खाली येताना वजन कुठे घ्यायचं, हे तार सांगत नाही. ते ज्याचं त्याला यावं लागतं. मिशेल यो मुळात बॅले शिकलेली. झांग झियी लहानपणापासून नाच शिकलेली. छपरावरच्या त्या पहिल्या लढतीत शू लिएन वारंवार चोराला खाली ओढते, त्याच्या पावलावर पाऊल देऊन त्याला जमिनीवरच ठेवू बघते. एकीला निसटायचंय आणि दुसरीचं सगळं आयुष्य जमिनीला धरून राहण्यात गेलंय. दोघींचे स्वभाव त्या दोन-तीन मिनिटांत संवादांशिवाय कळतात. आंग ली या दिग्दर्शकाने त्याआधी जेन ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वर सिनेमा केला होता. एक बहीण मन आवरणारी, दुसरी उधळणारी. इथेही तेच आहे, हातात फक्त तलवारी आहेत.

मिशेल यो यांचा गुडघा याच सिनेमाच्या चित्रीकरणात जायबंदी झाला होता, हे मी नंतर वाचलं. पडद्यावर त्याचा मागमूस नाही. कष्ट दिसले की मार्क गेले.

पण मला लिहायचंय ते उडण्याबद्दल नाही. जेड फॉक्सबद्दल आहे.

जेड फॉक्स ही कथेतली खलनायिका. ली मू बायच्या गुरूला तिने विष घालून मारलेलं आहे. वूदांग पंथाची युद्धविद्येची पोथी चोरून ती परागंदा झाली, आणि पुढे एका बड्या अधिकाऱ्याच्या घरात मुलगी सांभाळणारी बाई म्हणून लपून राहिली. ती मुलगी म्हणजे जेन. चिनी नाव यू ज्याओलोंग. त्यातल्या 'लोंग'चा अर्थ ड्रॅगन. नावातला वाघ म्हणजे तिचा वाळवंटातला प्रियकर लो, श्याओहू. वाघ दबा धरून आणि ड्रॅगन लपून, ही चिनी भाषेतली जुनी म्हण आहे. साध्या दिसणाऱ्या जागी मोठे गुणी लोक दडलेले असतात, अशा अर्थाची. या सिनेमात जो तो काही ना काही लपवून आहे. ली मू बाय आणि शू लिएन प्रेम लपवतात, जेन बुरख्याआड तलवार लपवते, फॉक्स स्वतःलाच लपवते. पण सगळ्यात क्रूर लपवाछपवी मला वाटते ती जेनची, आणि ती आपल्या गुरूपासूनच आहे.

रात्रीच्या एका लढतीत ली मू बायच्या हातून फॉक्स मरायची वेळ येते, तेव्हा तिला वाचवायला जेन मध्ये उडी घेते. आणि लढताना फॉक्सच्या लक्षात येतं की ही पोर आपल्यापेक्षा कितीतरी पुढे गेलीय. नंतर घरी दोघी समोरासमोर येतात. पोथी एकच होती. फॉक्सला अक्षरं लागत नव्हती, म्हणून ती चित्रं बघून शिकली. जेन अधिकाऱ्याची लेक, शिकलेली. तिने मजकूर वाचला. जे समजलं ते वर्षानुवर्षं फॉक्सला सांगितलं नाही. का, तर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. वर हेही, की सांगितलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं. मग तीच मुलगी जवळजवळ रडत म्हणते की मी तुमच्यापेक्षा पुढे जाऊ शकते हे कळलं तेव्हा मी घाबरले, कारण आता मला वाट दाखवायला कुणीच उरलं नव्हतं.

2015मध्ये हा प्रसंग आला तेव्हा मी पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून खोलीबाहेर गेले होते.

बाई मल्लखांब कुणाकडे शिकल्या नव्हत्या. त्यांच्या लहानपणी व्यायामशाळेत मुलींना लेझीम आणि दोरीच्या उड्या एवढंच असायचं. आतल्या हॉलमधला मल्लखांब मुलांचा. बाई खिडकीच्या गजांना धरून बाहेरून बघायच्या आणि घरी येऊन परड्यातल्या आंब्याला बांधलेल्या दोरावर करायच्या. ही गोष्ट त्या आम्हाला हसत हसत सांगायच्या. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी त्याच व्यायामशाळेत मुलींचा वर्ग सुरू करून दाखवला. पैसे कधी घेतले नाहीत.

खिडकीतून सगळं दिसतं, बारकावा दिसत नाही. वर चढणाऱ्या मुलाचे हात दिसतात, खांदे दिसतात. त्याच्या पायाच्या कुठल्या दोन बोटांत दोर आहे हे दिसत नाही. त्यामुळे बाईंची पायाची पकड मुळातच चुकीची बसली होती. त्या दोराला पावलाभोवती वळसा द्यायच्या आणि शरीर हातांनी वर ओढायच्या. आम्ही सगळ्या मुली तशाच चढायचो. आमचे खांदे बघून लोक कौतुक करायचे. एका टप्प्यापर्यंत आम्ही भराभर पुढे जायचो आणि मग तिथेच अडायचो. दहाएक सेकंदांत हात भरून यायचे.

चौदाव्या वर्षी मे महिन्यात मी पुण्याला दहा दिवसांच्या शिबिराला गेले. बाईंनीच पाठवलं, एसटीचं भाडंही त्यांनीच दिलं. पहिल्या दिवशी तिथल्या सरांनी माझं चढणं बघितलं आणि काही न बोलता माझा पाय धरून दोर अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये चिमटीत दिला. म्हणाले, आता ओढू नकोस, उभी राहा. मी पायाच्या चिमटीवर उभी राहिले. हात मोकळे होते. तो क्षण अजून माझ्या तळपायात आहे. चार वर्षं मी स्वतःला ओढत होते, आणि वजन पेलायला पायाची दोन बोटं पुरत होती.

घरी परतले आणि बाईंसमोर जुन्या पद्धतीनेच चढले.

स्वतःला सांगितलं, त्यांना वाईट वाटेल. ते खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. बाईंना येत नाही असं काहीतरी आपल्याला येतं, यात एक गोडी होती. व्यायामशाळेची किल्ली शेजारच्या काकांकडे असायची. ती मागून घेऊन मी पहाटे एकटीच जायचे आणि नवीन पकडीचा सराव करायचे. संध्याकाळी पुन्हा सगळ्यांबरोबर वळसा, ओढणं, हात भरून येणं. मे ते डिसेंबर.

डिसेंबरात जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. शिट्टी वाजली आणि मी दोर अंगठ्यात घेतला. खरं तर ठरवून नाही. पण जिंकायचं होतं, आणि शरीराला तोवर खरा रस्ता माहीत झाला होता. खाली उतरले तेव्हा मुली टाळ्या वाजवत होत्या. बाई दोराचं वेटोळं करत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

"बरं," त्या म्हणाल्या. एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि चिक्की दिली, नेहमीसारखी.

त्यानंतर त्यांनी मला एकदाही चूक सांगितली नाही. बाकीच्या मुलींना ओरडायच्या, टपली द्यायच्या. माझी पाळी आली की दोराचं खालचं टोक धरून उभ्या राहायच्या आणि मान खाली घालायच्या. माझ्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. मला ते सहन होईना. दोन-तीन महिन्यांत परीक्षा आल्या, मग दहावीचे क्लास सुरू झाले, आणि मी जायची बंद झाले. येत नाही असं सांगायलाही गेले नाही.

फॉक्सच्या शेवटाबद्दल बहुतेकांना एवढंच आठवतं की तिच्या विषारी सुईने ली मू बाय मरतो. पण मरताना ती स्वतःच सांगते की नेम त्याच्यावर नव्हता, जेनवर होता. इतकी वर्षं जिला वाढवलं, तिने शिकणं लपवलं, तेच तिला खरं विष वाटतं. दुसऱ्यांदा बघताना मला चेंग पेइ-पेइ यांचा चेहरा बघवेना. सिनेमाने तिला माफ केलेलं नाही, पण तिची तक्रार मात्र नोंदवून ठेवलीय: वूदांगच्या त्या गुरूला ती शय्येत चालत होती, विद्या द्यायला मात्र ती बाई होती. तिची पोथी चोरीची आहे, पण दुसऱ्या कुठल्या वाटेने ती तिच्या हातात येणार होती? पुढे ली मू बाय स्वतः जेनच्या मागे लागतो, माझी शिष्या हो म्हणून. बांबूच्या शेंड्यांवरची ती प्रसिद्ध लढत म्हणजे खरं तर ही विनवणी आहे. तो जवळजवळ लढतच नाही. वाकलेल्या बांबूवर नुसता तोल सांभाळत उभा राहतो, आणि जेन दमते. हिरव्या रंगात दोन पांढरे कपडे वरखाली होत राहतात. जे दार फॉक्ससाठी बंद होतं, ते जेनसाठी उघडायला तो तयार आहे, आणि तिचा आता कुणावरच विश्वास उरलेला नाही.

या भूमिकेसाठी चेंग पेइ-पेइ यांना घेण्यात एक जुनी आठवण आहे. 1966 साली किंग हू यांच्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये त्या विशीतल्या तलवारबाज नायिका होत्या. नाचाचं शिक्षण झालेल्या, पुरुषवेशात खानावळीत येऊन बसणाऱ्या आणि भोवतालच्या गुंडांना पुरून उरणाऱ्या. आंग लीच्या सिनेमात जेन पुरुषवेशात खानावळीत येते आणि सगळी खानावळ मोडून ठेवते, ती त्यालाच दिलेली दाद आहे. बांबूचं वनही किंग हू यांच्याच 1971च्या 'अ टच ऑफ झेन'मधून आलेलं. म्हणजे ज्या बाईंनी ही वाट पाडली, त्याच इथे अर्धवट विद्येच्या म्हाताऱ्या म्हणून उभ्या आहेत आणि झांग झियी त्यांची जुनी जागा घेतेय. त्यांनी ते किती निमूट करू दिलंय!

त्या ऑगस्टमध्ये ऑफिसात एक गोष्ट घडली. माझ्या टीममध्ये बावीस वर्षांचा एक मुलगा आहे. मी लिहिलेला एक रात्रीचा रिपोर्ट चालायला चाळीस मिनिटं घ्यायचा. या मुलाने तो सहा मिनिटांवर आणला होता आणि तीन आठवडे स्वतःच्या ब्रांचमध्ये ठेवून दिला होता. दुसरं काहीतरी शोधताना मला तो सापडला. दाखवला का नाहीस, विचारलं तर म्हणाला, "मॅम, तुमच्या डिझाइनला हात लावणं बरं दिसलं नसतं." पोटात काहीतरी गरम झालं. त्याने जास्त चांगलं लिहिलं याचा राग नव्हता. तीन आठवडे तो माझ्यासमोर बसून माझ्या चुकीच्या पद्धतीला मान डोलवत होता, याचा होता. आणि दर रात्री चौतीस मिनिटं वाया जात होती ती वेगळीच.

दिवाळीत गावी गेले तेव्हा व्यायामशाळेत गेले. बाई आता साठीच्या पुढे आहेत, खुर्चीत बसून शिकवतात. मला बघून म्हणाल्या, "आलीस होय? चप्पल बाहेर काढ." जणू मी कालच आले होते.

दोरावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी चढत होती. मी तिच्या पायाकडे बघितलं. दोर अंगठा आणि शेजारच्या बोटात होता.

"बाई, ही पकड..."

"तुझीच."

"म्हणजे?"

"अगं, स्पर्धेनंतर दोन-तीन महिने तू तशीच चढत होतीस की इथे. मी खाली दोर धरून तुझा पाय बघत होते. घरी जाऊन परड्यात करून बघायचे. पन्नाशीला आले होते, लवकर जमेना."

मला वाटलं होतं त्या मान खाली घालतात, माझं तोंड बघायला नको म्हणून.

मी म्हणाले, "बाई, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी तेव्हा सांगितलं नाही." चौदा वर्षं घोकलेलं वाक्य होतं.

बाईंनी मुलीला "कंबर आत घे" म्हणून ओरडून घेतलं. मग म्हणाल्या, "वाटलं असतं. चार दिवस. पण सहा-सात महिने बाकीच्या पोरी खांद्यावर ओढत होत्या. त्यातल्या एकीचा खांदा पावसाळ्यात धरला, तिने सोडलंच मग. तिला तरी सांगायचंस."

त्यांनी कुठलीही मुलगी असं म्हटलं नाही, नाव घेतलं. ती माझ्या शेजारच्या गल्लीत राहायची. ती का येत नाही हे मी तेव्हा विचारलंही नव्हतं. गुरू आणि शिष्य, मान आणि अपमान, या सगळ्या विचारात मला ती चौदा वर्षांत एकदाही आठवली नव्हती. सिनेमातही जेनचा हिशेब असाच कुणी तिसराच चुकता करतो.

सिनेमाच्या शेवटी जेन वूदांगच्या डोंगरावर जाते आणि पुलावरून दरीत उडी घेते. लोने तिला पूर्वी एक दंतकथा सांगितलेली असते: मन खरं असेल तर उडी घेणारा मरत नाही, तरंगत दूर निघून जातो आणि मागितलेलं मिळतं. ती ढगांत खाली जाताना दिसते, जमिनीवर टेकताना दिसत नाही. होस्टेलमध्ये मैत्रिणींनी यावर बराच वाद घातला, की मेली का उडाली. मला आता वाटतं, तिला काय मागायचं असेल ते फार साधं असेल. तिच्यामुळे मेलेला एक माणूस परत यावा.

निघताना बाई म्हणाल्या, "चढून दाखव." मी म्हटलं, वजन वाढलंय, चौदा वर्षं झाली. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत दोराजवळ आल्या आणि खालचं टोक धरून उभ्या राहिल्या. पोरी गोळा झाल्या. मी दोर अंगठ्यात घेतला. तीन पकडी वर गेले, चौथीला तळहात सोलले आणि खाली आले. एक पोर फिस्सकन हसली.

"अंगठा ढिला पडतोय तुझा," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी त्या मैत्रिणीच्या माहेरी जाऊन तिचा नंबर घेतला. अजून फोन केलेला नाही.